ब्रशनी रक्त येतं आणि मशेरीनी थांबतं, मग मशेरीच चांगली ना?

प्रश्न: डॉक्टरताई, नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. मला तू म्हणालात तरी चालेल, मी तुमच्या मुलीच्या वयाची. मला पाचवा महिना चालू आहे, हे दुसरं. दोनेक महिन्यांपासून दात घासले की हिरड्यांतून रक्त येतं, थुंकलं की सगळं लाल. ब्रशचीच भीती बसली. सासूबाई म्हणाल्या "मशेरी लाव गो, रगत थांबतला" आणि स्वतःच्या डबीतली काढून दिली. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ लावतेय आणि रक्त खरंच थांबलं. पण आता सकाळी नाही लावली तर डोकं जड होतं. नवरा मुंबईला असतो, तो फोनवर ओरडतो की सोड ते. सासूबाई चाळीस वर्षं लावतायत, त्यांचे दात कधी दुखले नाहीत, फक्त खालच्या ओठाच्या आत थोडं पांढरट झालंय आणि तिखट झोंबतं. आणि मुलगा साडेसात वर्षांचा आहे, त्याच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसतो पण दुखत नाही. सगळे म्हणतात दुधाची दाढ आहे, पडेल. ज्यानी रक्त येतं तो ब्रश चांगला की जिच्यानी थांबतं ती मशेरी चांगली, एवढं सांगा.

उत्तर: बाळा, आधी एकच सांगते, बाकीचं नंतर वाच. मशेरी आजपासून बंद. उद्यापासून नाही, अमावस्या झाल्यावर नाही, आजपासून. तीनच आठवडे झालेत त्यामुळे सुटेल, आणि सकाळी डोकं जड होतं असं तू लिहिलंयस ना, ते वाचूनच मला काळजी वाटली, कारण ते डोकं मशेरी मागतंय.

सासूबाईंना यातलं काही बोलू नकोस. त्यांनी प्रेमानीच दिली, त्यांच्या सासूनी त्यांना अशीच दिली असणार. आपल्याकडे कितीतरी बायकांची सुरुवात अशीच होते, पहिलं किंवा दुसरं बाळंतपण, हिरडी सुजते नाहीतर दाढ ठणकते, घरातली कोणीतरी मोठी बाई डबी पुढे करते, बरं वाटतं, आणि मग ती डबी आयुष्यभर सुटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मशेरीवाल्या पेशंटना मी नेहमी विचारते की कधीपासून लावता, तर वर्ष कोणी सांगत नाही, "थोरल्याच्या वेळेपासून" असंच सांगतात.

आता तुझा प्रश्न. तुझा हिशोब चुकीचा नाही बरं का, जे दिसलं त्यावरून कोणीही असंच म्हणेल. पण रक्त का येत होतं ते बघ. दातांवर आणि विशेषतः दात हिरडीला टेकतो त्या कडेला एक पांढरट चिकट थर जमतो, नखानी खरवडला तर नखाला लागतो, तो जंतूंचा थर असतो. तो तिथेच राहिला की हिरडी सुजते, लाल होते, हात लागला की रक्त येतं. हे कोणालाही होतं, पण गरोदरपणात शरीरातली हार्मोन्स वाढलेली असतात त्यामुळे एरवी जेवढ्या थरानी काही झालं नसतं तेवढ्यानी हिरडी फुगते. खूप बायकांना होतं हे. म्हणजे रक्त ब्रशमुळे आलं नाही, हिरडी आधीच सुजलेली होती, ब्रशनी फक्त ते तुला कळवलं.

आणि मशेरीनी थांबलं ते असं की मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तिच्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त यायचं कमी होतं. सूज देणारा थर तिथेच, जंतू तिथेच, फक्त रक्त बंद. कौल फुटलंय, पाऊस आत येतोय, आपण खालून प्लास्टिक ताणून बांधलं, जमीन कोरडी झाली, पण वर वासे कुजतायतच ना? तसं. आतल्या आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं, ते एकदा गेलं की परत भरून येत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझी आई मशेरी लावायची. दर आठ-दहा दिवसांनी चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजायची, काळी होईपर्यंत, आणि तो वास असा की आम्ही मुलं ठसकत ठसकत अंगणात पळायचो, मग ती पाट्यावर वाटून डबीत भरायची. तिला फार अभिमान होता, "माझे दात लोखंडाचे आसत" म्हणायची, आणि खरंच कधी रक्त नाही, कधी ठणका नाही. मी डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले, नवीन शिकलेलं दाखवायची हौस म्हणून तिला म्हटलं आ कर, आणि खालचे पुढचे चार दात बोटानी हलले. तिला दुखलंसुद्धा नाही. पन्नाशीही झाली नव्हती तिची. पुढच्या तीन वर्षांत ते चारही गेले, मग वरचे, मग दाढा. नंतर सुपारी कातरून दिली तरी चावता यायची नाही तिला, ओली काजू तिला किती आवडायची ती पण मऊ करून द्यावी लागायची. म्हणून मला कोणी सांगितलं ना की दात दुखत नाहीत म्हणजे चांगले आहेत, तर मला आईचं तोंड आठवतं.

बाळाचं पण बोलायला हवं. तंबाखू ओढा, चघळा नाहीतर दाताला लावा, निकोटिन रक्तातून बाळापर्यंत जातंच. गरोदरपणात मशेरी-तंबाखू लावणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची होण्याचा आणि दिवस भरायच्या आधी होण्याचा धोका जास्त असतो. घाबरवायला नाही सांगत, अजून निम्मे दिवस आहेत तुझ्या हातात. आणि एक गंमत सांगते, तुझ्या पोटातल्या बाळाच्या दुधाच्या दातांमध्ये चौथ्या महिन्यापासूनच कॅल्शियम भरायला लागलंय. ते कॅल्शियम तुझ्या दातांतून जात नाही, बाळंतपणात दात जायचेच असं म्हणतात ते खोटं आहे, ते तुझ्या जेवणातून आणि कमी पडलं तर तुझ्या हाडांतून जातं, त्यामुळे आशाताईंनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या डब्यात साठवू नकोस, खा.

सोडताना पहिले तीन-चार दिवस त्रास होईल, चिडचिड, डोकं, तोंडात काहीतरी हवं असं वाटणं. मग कमी होत जातं. सकाळी उठल्या उठल्या मशेरीची वेळ असते ना, त्या वेळी आधी ब्रश कर, मग कोमट पाणी पी. बऱ्याच बायका म्हणतात की मशेरीशिवाय पोटच साफ होत नाही, तुलाही वाटेल, थोड्या दिवसांत शरीर आपलं आपण ताळ्यावर येतं. तलफ आली की बडीशेप तोंडात टाक, साधी हां, साखर लावलेली नको. सुपारी मात्र अजिबात नको. आपल्या वाडीत सुपारी पिकते, पूजेला लागते, पाहुण्याला दिली जाते, सगळं मान्य, पण नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू नसलेली, कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनंच टाकलीय तिला तिथे. तोंड उघडायचं कमी कमी होत जातं तो आजार पण सुपारीचाच. आणि एकटीला जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवायचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत, मिस्डकॉलची भानगड नाही, सरळ लाव आणि बोल.

सरकारनं १९९२ सालीच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केलीय. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायदा कुठे अडवणार, ते आपणच करायला हवं.

बरं, आता ब्रश. भीती बसलीय ना, तर भीती घालवायचा उपाय ब्रशच आहे. कडक ब्रश असेल घरात, वर्षभर वापरलेला, तारा वाकलेल्या, तो फेकून दे नाहीतर शिलाई मशीन पुसायला ठेव. पाकिटावर सॉफ्ट लिहिलेला नवीन घे, गावच्या दुकानात मिळतो, महागाचा नको. फ्लोराइडवाली साधी पेस्ट, साधारण १००० पीपीएम लिहिलेलं असतं, जाहिरातीत दाखवतात तसा ब्रशभर नागोबा काढायचा नाही, वाटाण्याएवढी पुरे. ब्रश तिरका धरायचा, अर्धा दातावर अर्धा हिरडीच्या कडेवर, आणि छोटे छोटे गोल फिरवायचे, जोर नाही. आपल्याकडे कढई घासल्यासारखे दात घासतात, आडवे, खसाखसा, आणि मग चाळिशीत हिरडीजवळ दाताला खाचा पडतात आणि थंड पाणी लागलं की कळ मस्तकात जाते. दोन मिनिटं लावायची, मोबाइलवर लाव एकदा दोन मिनिटं, तुला कळेल किती लांब असतात ती. आतल्या बाजूनी पण, खालच्या पुढच्या दातांच्या मागे जिभेच्या बाजूला सगळ्यात जास्त किटण साचतं आणि तिथे कोणाचाच ब्रश जात नाही. झालं की थुंकायचं, पण चुळा भरभरून भरायच्या नाहीत, पेस्टमधलं फ्लोराइड थोडं दातावर राहू दे, तेच तर दात घट्ट करतं.

फ्लोराइडची काहींना भीती वाटते, कोणीतरी फॉरवर्ड पाठवलेलं असतं की ते विष आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही भागात विहिरी-बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे, वर्षानुवर्षं तेच पाणी पिऊन तिकडे दातांवर डाग पडतात, हाडं आखडतात, ते खरं आहे. पण ते पोटात जाणाऱ्या पाण्याचं झालं. वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकणं ही वेगळी गोष्ट.

सकाळी आणि रात्री झोपताना, आणि दोन्हीतली एक निवडायची झाली तर मी रात्रीची निवडेन. झोपेत लाळ कमी सुटते, आणि दिवसभर दातांना धुणारी, आम्ल मारणारी लाळच असते. रात्री घासल्यावर काही खायचं नाही, पाणी सोडून. पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल, मशेरी सोडल्यावर कदाचित आधीपेक्षा जास्त येईल, तेव्हा घाबरून परत डबीकडे जाऊ नकोस, जिथून रक्त येतं तिथेच जास्त हळुवार आणि जास्त नीट घास. दिवसातून दोनदा कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, सूज उतरायला बरं पडतं. दोन आठवड्यांत फरक दिसतो. उलट्या अजून होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश नको, आंबट पाण्यानी दाताचा वरचा थर मऊ झालेला असतो, चिमूटभर खायचा सोडा पाण्यात घालून चूळ भर आणि अर्ध्या तासानी घास.

आणि पावसात ब्रशला ते प्लास्टिकचं टोपण लावून ठेवू नकोस. आपल्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत तिथे टोपणातला ब्रश कसा वाळणार, कुबट वास येतो त्याला. न्हाणीत ठेवण्यापेक्षा खिडकीपाशी पेल्यात उभा, उघडा ठेव. तीन महिन्यांनी बदल.

दातांच्या फटीत ब्रश जात नाही. बांगड्याचा काटा अडकला, रायवळ आंब्याच्या शिरा अडकल्या की आपण काय करतो, खराट्याचा हीर काढतो नाहीतर बांगडीतली सेफ्टी पिन. हिरडीला टोचतं, जखम होते, फट मोठी होते. मेडिकलमध्ये फ्लॉस म्हणजे मेणाचा धागा मिळतो, रात्री एकदा दोन दातांमधून अलगद खालीवर करायचा. रोज नाही जमलं तर एकाआड एक दिवस कर, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात कारण वरचा थर खरवडला जातो, आणि तो थर परत येत नाही. आंब्याच्या पानानी घासायचे आमचे आजोबा, त्याला माझी काही हरकत नाही, पण त्यात फ्लोराइड नसतं आणि फटीत ते जात नाही, तेव्हा हौस म्हणून कर, ब्रशच्या ऐवजी नको.

आता जमलेला थर कडक झाला असेल, पिवळट-तपकिरी दगडासारखा, तर तो ब्रशनी निघणार नाही, क्लिनिंग करून घ्यावं लागेल. आणि तुझ्यासाठी हीच वेळ योग्य आहे, चौथा ते सहावा महिना, नंतर खुर्चीत उताणं झोपणं जड जातं. क्लिनिंग, फिलिंग, बधिर करायचं इंजेक्शन हे सगळं या दिवसांत चालतं, फक्त आत गेल्या गेल्या सांगायचं की मला पाचवा महिना आहे. क्लिनिंगनी दात हलायला लागतात हे तुला सगळी वाडी सांगेल. तसं नसतं गं. किटणानी फटी भरून दात एकमेकांना चिकटलेले असतात, ते काढलं की मोकळी फट जिभेला लागते आणि माणसाला वाटतं दात सैल झाले. हिरडी बसली की आठवडाभरात बरं वाटतं. दुखलंच मध्ये तर घरात पडलेली कुठलीही पेनकिलर घेऊ नकोस, विशेषतः आयबुप्रोफेनवाली पाचव्या महिन्यापासून पुढे नको, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर नाहीच, त्यातल्या काहींनी बाळाच्या दातांचा रंग कायमचा जातो. तुझ्या डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येते. दाढेवर लवंगेचं तेल कापसानी लावलंस तर तासभर बधिर होतं, पण गोळीची पूड हिरडीवर दाबून ठेवतात तसं करू नकोस, हिरडी भाजते. आणि गालावर सूज, ताप, तोंड उघडता न येणं, गिळताना त्रास, यातलं काही झालं तर कोणासाठीही, रात्र असली तरी गाडी करून दवाखाना गाठायचा.

मुलाचं मला सगळ्यात लवकर करायला हवंय.

साडेसात वर्षं म्हणालीस. त्याला आरशासमोर नाही, उजेडात खळ्यात उभा कर आणि तोंड उघडायला सांग. पुढच्या दोन दातांच्या मधली रेषा पकड आणि तिथून एका बाजूला मोज. एक, दोन, तीन, चार, पाच. या पाच जागी दुधाचे दात असतात किंवा ते पडून तिथे नवीन आलेले असतात. सहावा जो मोजशील तो दुधाचा नाही. ती पक्की दाढ आहे, साधारण सहाव्या वर्षी येते, आणि कुठलाही दात न पडता गपचूप सगळ्यात मागे उगवते म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. आईला वाटतं दुधाची, आजी म्हणते "पडतलो आपसूक", आणि ती आठव्या-नवव्या वर्षापर्यंत निम्मी किडून माझ्याकडे येते. ती परत येत नाही बाळा, सत्तरीपर्यंत त्याला तीच चावायला आहे. मला माझ्या खुर्चीत सगळ्यात वाईट कशाचं वाटतं विचारलंस तर नऊ वर्षांच्या पोराची पक्की दाढ काढताना. पोर तेवढं रडत नाही जेवढी त्याची आई रडते, की मला माहीतच नव्हतं.

काळा ठिपका म्हणजे दरवेळी कीड असं नाही, दाढेच्या वरच्या खाचा खोल असतात, त्यात नुसता डाग पण असतो. बघितल्याशिवाय कळत नाही. डाग असेल तर त्या खाचा पातळ सीलंटनी बुजवून टाकतात, भोक पाडावं लागत नाही, दुखत नाही, वीस मिनिटांचं काम. छोटी कीड असेल तर फिलिंग. दुखायची वाट बघितलीस तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते आणि मग रूट कॅनल, आणि या वयात मुळं अजून पूर्ण झालेली नसतात म्हणून ते आणखी किचकट. पाचाच्या आतली निघाली, म्हणजे खरंच दुधाची, तरी दाखवायचं, कारण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात, त्या येणाऱ्या दातांची जागा धरून बसतात, लवकर गेल्या तर मागच्या पुढे सरकतात आणि पुढचे वाकडेतिकडे येतात. २०१३ पासून शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्यवाल्यांची गाडी मुलं तपासायला येते, त्यात दातही बघतात, त्या दिवशी त्याला घरी ठेवू नकोस.

साडेसातच्या मुलाला स्वतःला नीट घासता येत नाही, वाटतं आपल्याला की येतं. रात्रीचं तू करून दे, त्याच्या मागे उभी राहा, डोकं तुझ्या पोटाला टेकव, हनुवटी धर आणि ती मागची दाढ आडव्या बाजूनी ब्रश घालून घास, ती अजून बाकीच्यांपेक्षा थोडी खाली असते म्हणून सरळ ब्रश वरून निघून जातो. आणि धाकटं आलं की त्याला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही, पहिला दात दिसला की तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून घासायला सुरुवात.

खाण्याचं फार लांबवत नाही पण एक गोष्ट कळली पाहिजे. दात साखरेनी किडत नाहीत, साखर खाऊन जंतू आम्ल करतात त्यानी किडतात, आणि प्रत्येक वेळी काही गोड तोंडात गेलं की अर्धा-पाऊण तास ते आम्ल दातावर असतं, मग लाळ ते धुऊन काढते. म्हणजे किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. गणपतीत पाच मोदक जेवणाबरोबर बसून खाऊ दे त्याला, मला काही वाटत नाही. पण सकाळी चहा-खारी, शाळेत बिस्किटं, आल्यावर परत चहा-बटर, मधेच गोळी, रात्री झोपताना दूध-साखर, असं दिवसभर चालू असेल तर दाताला श्वास घ्यायलाच मिळत नाही. चिकटणारं सगळ्यात वाईट, जत्रेतलं खाजं, आंबापोळी, फणसपोळी, चिक्की, दाढेच्या खाचेत बसतात आणि तासन्‌तास सुटत नाहीत. द्यायचं तर जेवणाला लागून द्यायचं आणि वर खळखळून चूळ. कोकम सरबत आंबट आणि गोड दोन्ही, ते घोट घोट तासभर पीत बसायचं नाही, पिऊन टाकायचं, आणि लगेच ब्रश नाही. मधल्या वेळेला शेंगदाणे, उकडलेलं अंडं, काकडी, ओलं खोबरं, शहाळ्यातली मलई, आपल्याकडे काय कमी आहे का.

आता सासूबाई. तू ते शेवटी, "फक्त" म्हणून लिहिलंस, पण मी तुझं पत्र वाचताना तिथेच थांबले. चाळीस वर्षं मशेरी ओठाच्या आत जिथे बसते तिथेच पांढरं झालंय आणि तिखट झोंबतं, हे दाखवायलाच हवं, आणि या पंधरवड्यात. कर्करोगच असेल असं मी म्हणत नाहीये, असे बरेच डाग मशेरी सोडली की फिके होतात. पण काही डाग पुढे बदलतात आणि ते नुसतं बघून ओळखता येत नाही, तपासावं लागतं, गरज पडली तर छोटा तुकडा काढून. तुकडा काढल्यानी आजार पसरतो असं म्हणतात, ते खोटं आहे. सुरुवातीला सापडलं तर बरं होतं, गाठ होऊन, मानेत उतरून आलं की हाल होतात, आणि दुखत नाही म्हणून लोक तेव्हाच येतात.

तोवर तू घरी बघ. दिवसाच्या उजेडात ओठ बाहेर उलटून, गाल बाजूला करून, जीभ एकदा डावीकडे एकदा उजवीकडे काढायला सांगून. लाल डाग, पांढरा खरखरीत डाग, कडक लागणारी जागा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड तीन बोटं उभी जातील एवढं उघडत नसेल तर, यातलं जे दिसेल ते लिहून ठेव. शुगर आहे का त्यांना ते तू लिहिलं नाहीस, तपासली नसेल तर तपास, शुगर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात येत नाही, एकमेकांना ओढत राहतात ती.

त्यांना मशेरी सोडा म्हणून सुरुवात करू नकोस, चाळीस वर्षांची सवय सुनेच्या सांगण्यानी सुटत नाही आणि नातं मात्र आंबतं. मी असं करते, माझ्या पेशंटच्या सासवांना मी नातवासाठी बोलावते. तू म्हण की पोराची दाढ दाखवायची आहे, मला या दिवसांत एकटीला एसटीनी जायला नको वाटतं, तुम्ही चला. येतील त्या. तिथे गेल्यावर डॉक्टरांना सांग की आईंचा ओठ पण बघा. त्यांचं ऐकतील. आणि सहा वेळा लावत असतील तर आधी रात्रीची बंद, मग दुपारची, असं करत आलं तरी मला आनंद आहे.

कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर ओरोसला जिल्हा रुग्णालयात जा, दातांचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते आशाताईंना आधी विचारून घे म्हणजे फेरी फुकट जाणार नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नकोस, एसटीत पाय ठेवायला जागा नसते आणि तुला उभं राहून प्रवास नको. तुझं माता-बाल संरक्षण कार्ड, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि तिघांची आधार कार्डं बरोबर घे. मुलाला निघताना पोटभर पेज दे, उपाशी पोरं खुर्चीत लवकर रडतात. येताना बाजारातून तीन सॉफ्ट ब्रश घे, तिसरा सासूबाईंचा. आणि त्यांच्या ओठाचं काय म्हणाले ते मला नक्की लिही, मी वाट बघतेय.